घरच्या घरी ट्रेमध्ये नदी बनवा आणि जमीन कशी बदलते ते बघा

विदारण, झीज आणि संचयन हे तीन शब्द पाठ असतात सगळ्यांचे, पण फरक विचारला की पहिल्या दोघांत गल्लत होतेच. खडक जागच्या जागी फुटतो, भुगा होतो ते विदारण. तो सुटा झालेला माल पाणी, वारा किंवा हिमनदी उचलून नेते ती झीज आणि नेणाऱ्याचा जोर संपला की माल जिथे पडतो ते संचयन, बस.

विदारण झटपट उरकता येतं. अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाका, बुडबुडे येतील आणि कवच हळूहळू विरघळेल. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीचं असंच करतं, फक्त फार सावकाश, त्यातूनच गुहा तयार होतात. थंड प्रदेशात फटीत शिरलेलं पाणी गोठून साधारण 9 टक्के फुगतं आणि खडक फोडतं.

आता खरी मजा. एक लांब ट्रे घ्या, वरच्या दोन तृतीयांश भागात वाळू पसरा, खालचा भाग रिकामा ठेवा, तो तुमचा समुद्र. वाळू बारीक आणि जाडी मिक्स हवी, एकसारखी असेल तर अर्धी गंमत जाते. आधी वाळू नीट ओली करून घ्या नाहीतर सगळं पाणी आतच मुरतं, मग वरच्या टोकाखाली 3-4 सेंटिमीटर जाडीचं काहीतरी ठेवून उतार द्या आणि बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बारीक धार सोडा. घाई करू नका, धार मोठी केली की सगळं एकदम वाहून जातं आणि काहीच कळत नाही.

थोड्या वेळात पाणी स्वतःची वाट कोरतं, काठ ढासळतात, आणि धार साठलेल्या पाण्याला मिळते तिथे वाळूचा पंखा पसरायला लागतो. हाच त्रिभुज प्रदेश! इथे जास्त वेळ थांबून बघा कारण लोक झीज बघतात आणि संचयन सोडून देतात. जाडे दाणे आधी बसतात, बारीक पुढे जातात आणि मातीचे एकदम बारीक कण पाणी गढूळ करून तरंगत राहतात.

मग बोटाने एक वळण कोरा आणि पुन्हा धार सोडा. बाहेरच्या काठाला पाणी जोरात असतं म्हणून तो कापला जातो, आतल्या बाजूला संथ असतं म्हणून वाळू साचते, खऱ्या नदीची वळणं अशीच सरकत जातात. नंतर उतार वाढवा, मग काठावर शेवाळ दाबून बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी वरून फोटो काढा, त्याशिवाय तुलना होत नाही.

शेवटी प्रवाहात पुठ्ठ्याचं धरण आडवं लावा, वरून पाणी सांडू द्या. वाळू मागे अडकते आणि खाली उतरणारं, वाळू नसलेलं मोकळं पाणी तळ खरवडतं. अमेरिकेत कोलोरॅडो नदीने कोरलेल्या ग्रँड कॅनियन या खोल दरीत हेच झालं, वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरणात 1963 पासून पाणी अडवलं, गाळ तिथेच बसायला लागला आणि खाली कोलोरॅडोच्या काठचे वाळूचे पट्टे झिजत गेले.