मेडिक्लेम नाकारला गेल्यावर: इंदूरकरांसाठी पाठपुराव्याची रीत

मधुमेहामुळे आईच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात घ्यायच्या इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिला. पहिल्या इंजेक्शनाचा दावा पाठवल्यावर विमा कंपनीकडून एका ओळीचे उत्तर आले: रुग्ण 24 तास दाखल नव्हता, सबब दावा देय नाही. मी रागाच्या भरात तीन पानी पत्र लिहिले; त्यात इतक्या वर्षांचे हप्ते, आईचे वय, घरच्यांचा मनस्ताप, सगळे होते. उत्तरात तीच ओळ पुन्हा आली, आणि चूक माझीच होती, कारण नकार ज्या कलमावर उभा होता त्याविषयी माझ्या पत्रात एक शब्दही नव्हता.

म्हणून सर्वप्रथम नकाराचे कारण कलमाच्या क्रमांकासह लेखी मागावे. रुग्णालयाच्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) खिडकीवर ‘ऊपर से रिजेक्ट है’ एवढेच ऐकायला मिळते. त्यावर विसंबून परत फिरू नये. इर्डा या नियामक संस्थेच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीच्या नेमक्या अटीचा हवाला देऊन कारण कळवावे लागते. कॅशलेसच्या पूर्वमंजुरीवर एका तासात निर्णय देण्याचे बंधनही याच परिपत्रकात आहे.

कलम हाती आले की पॉलिसीची पूर्ण पुस्तिका काढावी. एजंटने दिलेले रंगीत पत्रक येथे कामाचे नाही. आमच्या बाबतीत उत्तर तिथल्याच आधुनिक उपचारांच्या कलमात होते. इर्डाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, कंपन्यांना वगळता येणार नाहीत अशा 12 आधुनिक उपचारपद्धतींची यादी दिली होती. तीत डोळ्यातील इंजेक्शने, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आणि रोबोटिक शस्त्रक्रियाही होत्या. कंपनी अशा उपचाराला रकमेची मर्यादा घालू शकते, त्यामुळे पूर्ण बिल मिळेलच असे नाही. पण मर्यादेइतके देणे आणि मुळीच न देणे यांत फरक आहे.

यानंतर डॉक्टरांकडे जाऊन सविस्तर पत्र मागावे. ‘उपचार आवश्यक’ एवढ्या शेऱ्याने काही साधत नाही. निदान काय, ओसीटी तपासणीत (डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये) पडद्याची सूज किती दिसली, इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमध्येच का द्यावे लागते, त्यासाठी रात्रभर दाखल राहण्याची गरज का नसते आणि उपचार लांबल्यास दृष्टीचे काय होईल, हे त्यात स्पष्ट असावे. डॉक्टर घाईत असतात. मी मुद्दे कागदावर लिहून नेले होते, तेव्हा काम दहा मिनिटांत झाले.

आता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज करावा, आणि तो अर्ध्या पानाचाच असावा: दावा क्रमांक, नाकारण्याचे कलम, त्या कलमाला उत्तर, सोबतच्या कागदांची यादी. ईमेल करून पोचक्रमांक जपून ठेवावा. फोनवर बोलणे झाले, तर त्याच दिवशी ‘आज आपण असे सांगितले’ अशी दोन ओळींची ईमेल पाठवावी. चिकाटी म्हणजे रोज फोन करणे, असा समज आमच्या घरातही होता. प्रत्यक्षात तारीख असलेल्या कागदालाच वजन असते. इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा पुन्हा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जावे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळला आहे. तक्रार नकारापासून एक वर्षाच्या आत करावी लागते, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. लोकपाल 50 लाखांपर्यंत भरपाई देऊ शकतात व त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावा. आपली मराठी कितीही सफाईदार असली, तरी वाचणारा भोपाळचा आहे. ग्राहक आयोगात तेच प्रकरण आधी दाखल केले असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवावा.

आमच्यावर भोपाळला जाण्याची वेळ आली नाही. अर्ध्या पानाच्या अर्जावर मर्यादेइतकी रक्कम मंजूर झाली. मात्र प्रत्येक इंजेक्शनाचा दावा स्वतंत्र असतो. दुसऱ्या वेळी तोच नकार पुन्हा आला, तेव्हा पहिल्या मंजुरीच्या पत्राची प्रत त्याच अर्जाला जोडून मी त्याच संध्याकाळी पाठवून दिली.