साडेचार नॅनोमीटरचा हट्ट

सोन्यावर थायॉलचे (गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटणाऱ्या रेणूंचे) थर बसवण्यात हात बसला की डेंड्रिमर, म्हणजे झाडासारखा फांद्या फुटत वाढलेला रेणू, ही पुढची सोपी पायरी वाटते. मलाही वाटली होती. चार महिने गेले.

पामाम नावाचा चौथ्या पिढीचा डेंड्रिमर घेतला होता (पिढी म्हणजे फांद्यांचा एकेक थर): टोकांना ६४ अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट, द्रावणात व्यास साधारण ४.५ नॅनोमीटर. मग एका रेणूचा थर ४.५ नॅनोमीटरच भरायला हवा, हा माझा भाबडा हिशेब. परावर्तित प्रकाशावरून थराची जाडी मोजणारा एलिप्सोमीटर एकाच्या आसपास अडून बसला. द्रावण तीव्र केलं, चकत्या तीन-तीन दिवस बुडवून ठेवल्या, आकडा ढिम्म. एकदा चार दाखवले तेव्हा मी सगळ्या लॅबला सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी चकती मेथॅनॉलने नीट धुतली आणि आकडा पुन्हा एकवर. नुसता वर साचलेला माल होता तो.

‘रात्रभर ठेव, होईल’ म्हणणाऱ्या सीनियरवर माझा तेव्हापासून विश्वास नाही. गाइडनी मात्र एवढंच विचारलं, ‘तो चेंडू आहे हे तुला कुणी सांगितलं?’

सगळी गोम तिथेच होती. आकृतीत गोल दिसणारा हा रेणू आतून लवचिक असतो. एकेका अमाइनची सोन्यावरची पकड कमजोर, पण डझनावारी टोकं एकदम चिकटली की तो ओल्या मातीच्या गोळ्यासारखा पसरतो. पाया रुंद, उंची कमी. म्हणजे पृष्ठभाग पुरता भरूनही जाडी व्यासापेक्षा कमीच येणार. उलटी खूणही आहे: त्याच थरावर हेक्साडेकेनथायॉल सोडलं की ते सोन्यावरची जागा बळकावतं आणि चपटा रेणू आकसून उभा राहतो.

शिवाय एलिप्सोमीटरला एकेक रेणू दिसत नाही. प्रकाशाच्या ठिपक्याखालची सरासरी दिसते. इतक्या पातळ थराचा अपवर्तनांक आणि जाडी त्याला वेगवेगळी काढता येत नाही, अपवर्तनांक आपणच गृहीत धरून देतो. कोऱ्या सोन्याचं वाचन त्याच चकतीचं आणि बुडवण्याच्या अगदी आधीचं घ्या. हवेतली सेंद्रिय घाण काही मिनिटांत बसते. कालचं वाचन वापराल तर फसाल.

साफसफाईला यूव्ही-ओझोन पुरतो. पिरानाच्या (तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाच्या) नादी एकट्याने लागू नका. ॲसिटोनचा अंश राहिला तरी स्फोट होऊ शकतो. यात मला मोठेपणा नको आणि तुम्हालाही नको.

आकडा कमी आला म्हणून घाबरू नका, बहुतेक वेळा थर ठीकच असतो. खात्रीसाठी एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तंत्रात) नायट्रोजन बघा. मग अगदी विरळ द्रावणाचा थेंब ताज्या सोललेल्या अभ्रकावर टाकून एएफएमखाली (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) एकटा रेणू शोधा. मला पहिला सापडला तो ठिपका रुंदीच्या मानाने हास्यास्पद बुटका होता.