तुटपुंज्या बजेटात सोनं-चांदी जमवताना या चुका टाळा

महिन्याकाठी थोडीच रक्कम बाजूला पडत असेल, तर सोन्या-चांदीच्या साठ्याला भाव पडण्यापेक्षा गळतीचा धोका जास्त असतो. खरेदीच्या वेळी भावावर लागलेला प्रीमियम, घडणावळ, पार्सलचा खर्च, आणि अडचणीत घाईघाईने विकताना सोडून दिलेले पैसे, ही सगळी गळतीच. मोठी खरेदी करणाऱ्याला ती दोन-चार टक्क्यांत पडते, ग्रॅम-ग्रॅमने घेणाऱ्याला वीस टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. म्हणून प्रत्येक खरेदीला दोनच प्रश्न विचारावेत: या पैशात शुद्ध धातू किती ग्रॅम आला, आणि आज संध्याकाळीच विकायची वेळ आली तर किती परत मिळतील?

हाताशी रोकड नसताना धातू घेणं

पहिली चूक क्रमाची. चढ्या व्याजाची उधारी अंगावर असताना सोनं घेणं म्हणजे कर्ज काढून सोनं घेणंच. सोनं व्याज देत नाही, उधारी मात्र रोज वाढते. आधी उधारी फेडा, मग किमान तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवा, आणि त्यानंतरच धातूकडे वळा.

हा क्रम पाळायचं कारण भावाच्या इतिहासात आहे. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) ८५० डॉलरपर्यंत गेलं होतं. १९९९ मध्ये ते २५५ डॉलरच्याही खाली आलं आणि १९८० चा आकडा पुन्हा ओलांडायला जानेवारी २००८ उजाडला. चांदी तर याहून चंचल. त्याच जानेवारी १९८० मध्ये ती ५० डॉलरच्या जवळ होती आणि २७ मार्चला ११ डॉलरच्या आसपास आली. शिखरावर घेणारा थांबू शकला तर तगतो. ज्याच्याकडे फी भरायला दुसरे पैसेच नाहीत, तो पडलेल्या भावात विकतो. तेव्हा पाच वर्षं तरी हात लावावा लागणार नाही एवढीच रक्कम धातूत घाला. एकूण बचतीच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, असं आमचं मत.

एक-एक ग्रॅमचा मोह

बजेट लहान, म्हणून नाणंही लहान, हे ऐकायला सरळ वाटतं आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. एक ग्रॅमचं नाणं पाडायला, तपासायला आणि सीलबंद करायला जवळजवळ तेवढंच काम लागतं जेवढं दहा ग्रॅमच्या नाण्याला. तो खर्च एकाच ग्रॅमवर पडतो.

समजा बाजारभाव १०० आहे. एक ग्रॅमचं नाणं १२० ला मिळालं आणि दुकानदार परत घेताना ९७ देतो. तुमचे पैसे नुसते सुटायला भाव सुमारे २४ टक्के चढावा लागेल. तेच दहा ग्रॅमचं नाणं १०५ ला मिळालं आणि परतीचा भाव ९७ च असेल, तर सव्वाआठ टक्क्यांत काम होतं. प्रत्यक्षातले आकडे तुमच्या दुकानदाराकडून घ्या. पण हे गणित खरेदीआधी कागदावर मांडल्याशिवाय पाकीट उघडू नका: खरेदीची किंमत भागिले आजच्या आज मिळणारी परतीची किंमत. उत्तर १.१० च्या वर गेलं की थांबा.

मग करायचं काय? दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहायची आणि पाच किंवा दहा ग्रॅमपुरती जमली की एकदाच खरेदी करायची. तोपर्यंत भाव चढला तर, ही धास्ती साहजिक आहे. मात्र वरच्या उदाहरणात छोट्या नाण्याचा जादा आकारच जवळजवळ १४ टक्के आहे. तेवढा भाव काही महिन्यांत चढेलच असं नाही, पण जादा आकार मात्र नक्की जातो. पार्सलचंही तेच. पाठवणीला ५० लागत असतील, तर ५०० च्या खरेदीवर ते दहा टक्के झाले आणि ३००० च्या खरेदीवर पावणेदोन टक्क्यांच्याही आत.

चांदीत हेच गणित वेगळ्या मापाने चालतं. पाच-दहा ग्रॅमची चांदीची नाणी टक्केवारीत फार महाग पडतात. एक औंसाच्या साध्या नाण्यापासून किंवा १०० ग्रॅमच्या लगडीपासून सुरुवात करावी. काही देशांत गुंतवणुकीच्या सोन्याला विक्रीकरातून सूट असते आणि चांदीला नसते. तो कर परतीच्या वेळी कोणी देत नाही, म्हणून तोही गळतीतच धरा.

रंगीत, नक्षीदार, डबीबंद

'मर्यादित आवृत्ती', रंगीत छपाई, मखमली डबी, प्रमाणपत्र. या सगळ्याचे पैसे घेताना लागतात, मोडताना मात्र फक्त वजन आणि कस मोजला जातो. साठाच करायचा असेल तर जुनी, किंचित ओरखडे पडलेली पण खरी नाणी आवर्जून मागा. ती बऱ्याचदा नव्यापेक्षा कमी प्रीमियममध्ये मिळतात आणि त्यातला धातू तोच असतो. ९९९ (९९.९ टक्के) ऐवजी ९९९९ (९९.९९ टक्के) शुद्धतेसाठी जास्त मोजणंही व्यर्थ. फरक ०.०९ टक्क्याचा आहे.

याच्या उलटही एक चूक होते. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड किंवा ब्रिटिश सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं २२ कॅरेटचं आहे म्हणून 'कमी सोनं' समजून नाकारलं जातं. क्रुगरँडचं एकूण वजन ३३.९३ ग्रॅम असतं आणि त्यात पूर्ण एक ट्रॉय औंस शुद्ध सोनं असतं. वरचं वजन तांब्याचं. त्यानेच नाणं कठीण होतं आणि हाताळताना कमी झिजतं. सॉव्हरिनचं वजन ७.९८८ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. भाव विचारताना शुद्ध वजनाचा विचारा.

दागिना म्हणजे साठा नव्हे

दागिना अंगावर घालण्यासाठी घ्या, त्याला बचत म्हणू नका. घडणावळ परत येत नाही. खड्यांचं वजन सोन्याच्या भावाने लावलं जाण्याची शक्यता असते, आणि सांधे जोडायला वापरलेला हलक्या कसाचा धातू वितळवल्यावर एकूण कस खाली आणतो. दहा ग्रॅमच्या २२ कॅरेट दागिन्यात ०.८ ग्रॅमचे खडे असतील, तर उरले ९.२ ग्रॅम. त्याचे ९१.६ टक्के म्हणजे ८.४३ ग्रॅम शुद्ध सोनं. १८ कॅरेट असेल तर ९.२ चे ७५ टक्के, म्हणजे ६.९ ग्रॅम. घरात आधीपासून असलेले दागिने साठ्यात धरायचे तर ते असे शुद्ध ग्रॅममध्येच धरा.

औंस म्हणजे कोणता औंस?

सोन्या-चांदीचा औंस हा ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. साध्या वजनकाट्यावरचा औंस २८.३५ ग्रॅमचा. विक्रेत्याने नुसतं 'एक औंस' लिहून साधा औंस दिला, तर जवळपास नऊ टक्के धातू कमी मिळाला. तोळ्याचंही तसंच: मूळ माप ११.६६ ग्रॅमचं, पण बोलताना १० ग्रॅमलाही तोळाच म्हटलं जातं. पावतीवर ग्रॅम आणि कस लिहून घ्या, बाकी मापं तोंडी राहू देत.

तपासणी: काय चुकतं आणि का

बरेच जण लोहचुंबक लावतात, चिकटलं नाही की निर्धास्त होतात. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण तांबं, शिसं आणि पितळही चिकटत नाही. चिकटलं तर माल नाकारता येतो, न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही. कसोटीचा दगड आणि तेजाब वरच्या थराचा कस सांगतात, त्यामुळे जाड मुलामा त्यातून निसटतो.

घरी करण्याजोगी सगळ्यात भरवशाची तपासणी म्हणजे वजन, व्यास, जाडी आणि घनता. त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि व्यास-जाडी मोजणारा व्हर्नियर कॅलिपर पुरतो. टांकसाळ वजन-मापं जाहीर करते, ती आधी उतरवून ठेवा. चांदीचा मुलामा दिलेलं तांब्याचं नाणं मूळ मापाचं केलं तर हलकं भरतं, मूळ वजनाचं केलं तर जाड होतं. तांब्याची घनता घनसेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम आणि चांदीची १०.४९ असल्यामुळे दोन्ही एकदम जुळवता येत नाही.

घनता काढायची ती अशी. नाणं कोरडं असताना वजन घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं हातात धरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. एक ट्रॉय औंसाच्या शुद्ध चांदीच्या नाण्याला पाण्यातला आकडा २.९६-२.९७ यायला हवा.

उत्तर चुकलं तर लगेच फसवणूक म्हणू नका. आकडा भलताच मोठा आला, तर नाणं बहुधा तळाला टेकलं आहे. घनता थोडी कमी आली, तर नक्षीत हवेचे बुडबुडे अडकले असतील. नाणं पाण्यात हलवा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि पुन्हा मोजा. पोकळ किंवा खडेजडित दागिन्यावर ही तपासणी करूच नका. आणि एक ग्रॅमच्या सोन्याच्या नाण्यावर ती निरुपयोगी आहे. त्याचं आकारमान ०.०५ घनसेंटिमीटर आणि काट्याची शेवटची पायरी ०.०१, म्हणजे एका पायरीच्या चुकीने उत्तर वीस टक्क्यांनी हलतं. दहा ग्रॅमच्या सोन्याला तेच दोन टक्क्यांवर येतं. छोट्या नाण्यांविरुद्ध हा आणखी एक मुद्दा.

या तपासणीला चकवणारा धातू म्हणजे टंगस्टन. त्याची घनता १९.२५, सोन्याची १९.३२. आत टंगस्टन भरलेल्या लगडी सापडल्या आहेत, पण धोका मुख्यतः मोठ्या लगडींत असतो. लहान बजेटवाल्याने ओळखीच्या टांकसाळीचं नाणं, पावती देणाऱ्या आणि माल परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्यावं. बाजारभावापेक्षा स्वस्त सोनं देणाऱ्याकडे वळूही नये.

चांदी काळी पडली, नाणं चिकट झालं

चांदीवर येणारा काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा. हवेतलं गंधक त्याला कारण. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र आणि साधं पुठ्ठ्याचं खोकं गंधक पुरवतात, म्हणून यातलं काही चांदीजवळ ठेवू नका. काळेपणाने वजन-कसात फरक पडत नाही. टूथपेस्ट किंवा राखेने घासल्याने मात्र धातू झिजतो आणि नाण्याचा चेहरा कायमचा बिघडतो. नाणी पुसूच नका, कडेने धरा.

हिरवट चिकट थर दिसला तर तो पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटाचा उद्योग. नाणं बाहेर काढा, शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवा, न घासता सुकू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेलं आणि रंग असतात. हे काम हवेशीर जागी, विस्तवापासून लांब करा. त्यानंतर पॉलिथिलिन किंवा पीईटीचं पाकीट, हवाबंद डबा आणि आत ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की पुडी बदला. सीलबंद कार्डातलं नाणं 'एकदा हातात घेऊन बघू' म्हणून फोडू नका. सील असेपर्यंत परत घेणारा फारशी खळखळ करत नाही, फोडल्यावर तपासणीचा खर्च तुमच्या माथी.

घरात ठेवायचं असेल तर विम्याची कलमं वाचा. घराच्या विम्यात मौल्यवान धातूंची मर्यादा अनेकदा फारच कमी असते, आणि बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बँकेने उतरवलेला आहे असं गृहीत धरू नका. जागा घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असावी, त्यापलीकडे कोणालाही नाही.

मोडताना

खरेदीची तारीख, एकूण वजन, कस, शुद्ध ग्रॅम, दिलेली पूर्ण रक्कम आणि पावती क्रमांक, अशी वही पहिल्या दिवसापासून ठेवा. पावती नसेल तर नफ्यावरचा कर भरताना खरेदीची किंमत सिद्ध करता येत नाही, आणि काही खरेदीदार मालच घेत नाहीत.

विकायला निघण्याआधी घरी वजन करा. एकाच दिवशी तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा: आजच्या भावाच्या किती टक्के द्याल, आणि त्यातून आणखी काय कापाल? नुसता 'भाव काय' विचारलं तर तूट आणि तपासणीचा खर्च नंतर निघतो. आधी मोडायचा तो तुटलेला दागिना आणि विजोड कर्णफुलं, कारण त्यांना कधीही धातूचाच भाव येणार. सीलबंद नाणी शेवटी. वजन तुमच्या डोळ्यांसमोर व्हावं, काटा आधी शून्यावर आहे हे पाहावं. माल वितळवणार असतील तर आधीचं वजन, नंतरचं वजन आणि कस हे तिन्ही आकडे लिहून घ्या, आणि वितळवण्याला होकार देण्याआधी पैसे कोणत्या आकड्यावर मिळणार ते ठरवून घ्या. एकदा वितळलं की माल उचलून दुसऱ्या दुकानात जायची सोय राहत नाही.