ओटी निरीक्षणाचे तास: सही त्याच दिवशी घ्या
ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) म्हणजे पेशंटला रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी. अमेरिकेत तिच्या मास्टर्सला अर्ज करताना बऱ्याच ठिकाणी निरीक्षणाचे तास, म्हणजे ओटी थेरपिस्टचं काम प्रत्यक्ष पाहिल्याचे तास, त्यांच्या सहीनिशी मागतात. सहा महिन्यांनी सहीला जावं, तर थेरपिस्ट मॅडम नाशिक सोडून पुण्याला गेलेल्या!

१. वहीत रकाने आखा: तारीख, आल्या-गेल्याची वेळ, विभाग (लहान मुलं, हाताच्या दुखापती, पक्षाघात), काय पाहिलं.
२. निघतानाच सही-शिक्का, नोंदणी क्रमांक आणि ईमेल घ्या, पडताळणीला लागतो.
३. पानाचा लगेच फोटो काढा.

नुसतं ‘व्यायाम’ लिहू नका. ‘डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा सराव, २० मिनिटं’ असं लिहा. अर्जातल्या निबंधाला हेच कामी येतं. पेशंटचं नाव कुठेही नको.

‘फिजिओ व रिहॅब’ पाटी दिसली की तिथे ओटी थेरपिस्ट आहेत का, याची आधी चौकशी करा. फिजिओथेरपिस्टकडचे तास सहसा धरत नाहीत.