टेन्स लावण्याआधी खोबरेल पुसा

चवथीच्या दिवसांत नेवऱ्या करायला तासन्‌तास मांडी घालून बसणं आणि वर फुगड्या. मग गुडघे बोलायला लागतात. काजूच्या मोसमात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाकून बोंडू गोळा करणाऱ्यांची कंबर बोलते. फिजिओने अशा वेळी टेन्स मशीन (कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देणारं छोटं यंत्र) सुचवलं तर ते घरीही लावता येतं. निम्म्या तक्रारी मात्र मशीनच्या नसतात, लावण्याच्या असतात.

करंटाच्या झिणझिण्या जाड मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत पोचतात आणि बारीक तंतूंतून येणारा दुखण्याचा निरोप तिथेच अडवतात. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘गेट’ सिद्धान्त तो हाच. कोपर आपटलं की आपण चोळतो, त्यातलाच प्रकार. झिजलेला सांधा याने भरून येत नाही.

पेसमेकर असेल तर टेन्स नकोच. गरोदरपणी पोटावर-कंबरेवर, मानेच्या पुढच्या भागावर, डोळ्यांवर, छातीवर, जखमेवर, कॅन्सरच्या गाठीवर किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तिथे पॅड लावू नका. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर डोळे मिटायला सांगून टूथपिकचं टोक आणि कापसाचा बोळा आलटून पालटून टेकवा. फरक ओळखता आला नाही तर त्या जागी करंट देऊ नका. कातडी भाजली तरी कळणार नाही.

आता खोबरेल. दुखतं म्हणून सकाळीच तेल चोळलेलं असतं आणि त्यावरच पॅड बसतो. तेलातून करंट जात नाही, मग पॅडखाली जेवढी कोरडी जागा उरली असेल तेवढ्यातूनच तो सगळा घुसतो आणि सुई टोचल्यासारखं होतं. ‘जास्त झालं’ म्हणून करंट उतरवला जातो, आणि इतक्या कमी करंटावर गुण येत नाही. पॅडची कड उचकटली असेल तरी हेच. साबणाने धुऊन जागा खडखडीत कोरडी करा. दाट केस कात्रीने कापा. वस्तरा फिरवून लगेच पॅड लावला तर चुरचुरतं.

पॅड ५ बाय ५ सेंटिमीटरचे पुरतात. गुडघ्याला चार: वाटीच्या वर दोन, खाली दोन. एका चॅनेलचा (मशीनच्या एका वायरीवरची दोन पॅडची जोडी) एक पॅड वर आतल्या बाजूला, दुसरा खाली बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या चॅनेलचे याच्या उलट, म्हणजे करंटाची फुली गुडघ्यातून जाते. कंबरेला मणक्यावर नव्हे, दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटं सोडून. दोन पॅडमध्ये निदान एका पॅडएवढी फट हवी.

नॉब शून्यावर असतानाच वायरी जोडा. १०० हर्ट्झ (सेकंदाला करंटाचे १०० ठोके), १०० मायक्रोसेकंद (एका ठोक्याची लांबी) ठेवून करंट हळूहळू चढवा: झिणझिण्या चांगल्या जोरदार, पण सोसवतील अशा, आणि स्नायू उडता कामा नये. ‘थोडंसं जाणवतं’ एवढ्यावर थांबू नका, बहुतेक जण इथेच चुकतात. पाच-दहा मिनिटांनी जाणीव मंदावते, तेव्हा थोडा आणखी चढवा. एकूण अर्धा तास. कालचा आकडा आज तसाच लावू नका; कातडीचा ओलावा रोज वेगळा असतो.

जुनाट दुखण्याला याने फरक पडला नाही तर फिजिओला विचारून २ ते ४ हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद लावून बघा. यात स्नायू ठक्‌ठक्‌ उडायलाच हवा. वेळ २० ते ३० मिनिटं. आराम उशिरा येतो, पण जास्त टिकतो. ताज्या मुरगळीवर हे नको.

दुखणं उतरलेलं असतं तेवढ्यात व्यायाम उरकून घ्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच सेकंद दाबा, दहा वेळा. मशीन लावून झोपू नका, स्कूटरवर तर बसूच नका.

पॅड काढल्यावर कातडी थोडी लाल दिसली तर तासाभरात उतरते. खाज आली, पुरळ उठलं तर दुसऱ्या जातीचे पॅड आणा. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला पॅड ओल धरून बुळबुळीत होतो, एसीत सुकून कडक होतो. म्हणून काढला की लगेच त्याच्या प्लास्टिकवर चिकटवा आणि झिपच्या पिशवीत ठेवा. सुकलेल्याला पाण्याचा एखादा थेंब बोटाने पसरला की पुन्हा चिकटतो. तरीही कडा सुटत असतील तर टाकून द्या, वर चिकटपट्टी मारत बसू नका.