मंगळावरचा मुलगा पाचवीच्या वर्गात आणायचा असेल तर

मुलांच्या दिवाळी अंकासाठी येणाऱ्या विज्ञानकथा मी वाचते. पुष्कळ कथांत परग्रहावरच्या मुलाला आधी सगळे चिडवतात, मग पूर येतो, हा आपल्या अचाट शक्तीने गाव वाचवतो आणि सगळे त्याचे मित्र होतात. कृपा करून असं लिहू नका. उपयोगी पडल्याशिवाय आपल्याला कुणी खेळायला घेणार नाही, एवढंच मुलं त्यातून शिकतात. ज्याच्यात कसलीच शक्ती नाही, तो आणखी कोपऱ्यात सरकतो.

काल्पनिक ग्रहापेक्षा मंगळ घ्या. तिथली माहिती खरी मिळते, आणि मुलं ती तपासतातच. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. तिथे वाढलेल्या मुलाला इथे स्वतःचंच अंग अडीचपटीहून जड वाटणार. हे कुठल्याही शास्त्रज्ञ काकांच्या तोंडी घालू नका, खो-खोच्या मैदानावर दाखवा. पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतो, आणि हा उठेपर्यंत पळणारा गडी खांबापलीकडे गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी गडी वाटताना त्याचं नाव कुणीच घेत नाही.

मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं, म्हणजे दहा वर्षांचा मुलगा तिथल्या हिशोबाने जेमतेम पाचाचा. वर्गाला हे कळलं की ‘बालवाडी’ हे नाव पडलंच समजा.

आता कथेचा गाभा: चारचौघांसारखं दिसण्यासाठी तो काय लपवतो? चित्रकलेच्या तासाला विषय आहे सूर्यास्त. मंगळाच्या हवेतल्या बारीक धुळीमुळे मावळत्या सूर्याभोवतीचं आकाश निळसर दिसतं, म्हणून तो निळा खडू घेतो. शेजारच्या वहीत सगळं नारिंगी. तो हळूच नारिंगी खडू मागतो आणि निळ्यावर इतका घासतो, की कागदावर मेणचट तपकिरी थर चढतो. बाई विचारतात, “हे काय रे?” तो म्हणतो, “खडू खराब आहे.” इथेच थांबा. ‘त्याला फार वाईट वाटलं’ हे वाक्य लिहिलंत, तर वाचणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही.

वर्गातली मुलं दुष्ट नसावीत. त्यांना जिंकायचं असतं, बस्स. त्याला वगळणारी मुलगी गेल्या वर्षी स्वतःच शेवटपर्यंत उभी राहिली असेल, तर तिचं वागणं वाचकाला लगेच पटतं. शेवटी टाळ्यांचा कडकडाट नको. एकीने त्या तपकिरी डागाखालचा निळा रंग ओळखून विचारलं तरी भागतं. खो-खोत तो सावकाशच उठू दे.

लिहून झालं की पाचवी-सहावीतल्या दोन-चार मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे चुळबुळ सुरू होते, तिथे बहुतेक तुम्ही विज्ञान शिकवायला लागलेले असता. तो परिच्छेद काढा आणि पुन्हा वाचा.