ट्रॅक्टरच्या मागं कुठलं अवजार बसतंय? आधी पिन मोजा, मग फूट विचारा

ट्रॅक्टर घेताना एचपी विचारतात, रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर, घेताना किती फुटी ते विचारतात, पण हे दोन्ही जिथं जोडायचंय त्या तीन पिनांचं कुणी नाव काढत नाही. मग अवजार टेम्पोतून उतरवल्यावर कळतं की पिन आर्मच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या मागच्या दांड्याच्या, टोकाला असलेल्या बॉलमधे शिरतच नाही, नाहीतर शिरते पण आत लडबड लडबड करते.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हा घोळ जास्त होतो, कारण इथं रानं दोन तऱ्हेची आणि ट्रॅक्टर पण दोन तऱ्हेचे. मंगळवेढ्याचं काळं रान, माढा-माळशिरसचा ऊस, तिथं ४५-५० एचपीशिवाय भागत नाही, आणि सांगोल्याची डाळिंबं किंवा पंढरपूरकडच्या द्राक्षबागा, तिथं ओळीतून जायला मिनी ट्रॅक्टर लागतो. बऱ्याच घरी आता दोन्ही उभे असतात, वर भावकीतली अवजारं इकडून तिकडं फिरतात, त्यामुळं मोठ्याचं अवजार मिनीला आणि मिनीचं मोठ्याला लावायची वेळ येतेच.

तर साइजचं असं आहे. मागच्या थ्री पॉइंट लिंकेजच्या, म्हणजे खालचे दोन आर्म आणि वरची टॉप लिंक अशा तीन ठिकाणच्या जोडणीच्या, कॅटेगरी ठरलेल्या असतात. मिनी ट्रॅक्टर बहुतेक कॅटेगरी १ चे, ४०-५० एचपीवाले बहुतेक कॅटेगरी २ चे. मधले ३० एचपीच्या आसपासचे दोन्हीत सापडतात, आणि काही मिनी तर १ पेक्षाही अरुंद जोडणीचे येतात, म्हणून एचपीवरून अंदाज मारू नका, ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघा नाहीतर सरळ मोजा. मिस्त्रीच्या भाषेत सांगायचं तर (एक सुत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कॅटेगरी १ ला खालच्या दोन पिना सात सुती म्हणजे २२ मिमी आणि टॉप लिंकची पिन सहा सुती, १९ मिमी. कॅटेगरी २ ला खालच्या नऊ सुती म्हणजे २८ मिमी आणि वरची एक इंची, २५ मिमी. खालच्या दोन पिनांमधलं अंतर १ ला साधारण २७ इंच, २ ला साडेबत्तीस. आणि खालच्या पिनांपासून वरच्या पिनेपर्यंतची उंची १ ला दीड फूट, २ ला दोन फुटाच्या आसपास.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, खालची पिन अवजारावर असते आणि भोक ट्रॅक्टरच्या आर्मच्या बॉलला असतं. म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरला मिनीचं अवजार लावायचं असेल तर पिन बारीक आणि भोक मोठं, इथं बुश, म्हणजे भोकात बसणारी नळी, घालून काम होतं, ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात तयार मिळतात, किंमत पण काही जास्त नाही. उलटं असेल, मिनीला मोठं अवजार, तर नऊ सुती पिन सात सुती भोकात जाणारच नाही, तिथं अवजाराची पिन बदलायची. काही अवजारांना दोन मापाची पिन येते, एक टोक बारीक एक टोक जाड, ती काढून फिरवून लावली की झालं. पण काही लोक बॉलचं भोकच मोठं करून आणतात, हे अजिबात करू नका, बॉलची भिंत पातळ होते आणि बांधावरून वळताना झटका बसला की फुटतो. बुशच्या जागी पाइपचा तुकडा, नाहीतर पिनेवर वेल्डिंगचा भराव घालून घासून घेणं, हे पण तसलंच. आवाज येतोय, भोक अंड्यासारखं लांबट झालंय, तरी आपलं चालूच.

पिनेचं जमवता येतं, अंतराचं जमत नाही. साडेबत्तीस इंची अवजार अरुंद आर्मला ताणून बसवलं तर आर्म बाहेर फाकतात, उचलताना टायरला घासतात, आर्म डावी-उजवीकडं हलू नयेत म्हणून असलेली चेक चेन पुरत नाही. बसलं म्हणजे चाललं असं नाही, पूर्ण वर उचलून, पूर्ण खाली सोडून, दोन्ही बाजूला हलवून बघायचं.

आता वजनाचं. माहितीपत्रकात लिफ्टची, म्हणजे आर्म उचलणाऱ्या हायड्रोलिकची, जी किलोची ताकद लिहिलेली असते ती बहुतेक वेळा आर्मच्या टोकाला मोजलेली असते. अवजाराचं वजन काही आर्मच्या टोकावर नसतं, दोन-अडीच फूट मागं असतं, तिथं ती ताकद कमी भरते. मिनीची लिफ्ट ७००-८०० किलोच्या घरात असते आणि सहा फुटी रोटर ४००-५०० किलोचा असतो, कागदावर बघितलं तर उचलेल, आणि खरंच उचलतो पण, फक्त त्याबरोबर पुढची चाकं पण उचलतो. स्टिअरिंग हलकं झालं, बांध चढताना पुढून तरंगल्यासारखं वाटलं तर समजून जा.

हे तपासायला आपल्याकडं सोय जवळच आहे. साखर कारखान्यांमुळं रस्तोरस्ती वजनकाटे आहेत. आधी रिकामा ट्रॅक्टर पूर्ण काट्यावर घ्या, मग अवजार लावून, वर उचलून, फक्त पुढची चाकं काट्यावर चढवा. रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर राहिलं पाहिजे. ट्रॅक्टर २००० किलोचा असेल तर पुढं ४०० तरी दिसलं पाहिजे. कमी दिसलं तर पुढं वेट लावा, तरी जमत नसेल तर अवजार लहान घ्या.

एचपीचं गणित शेवटी येतं. इंजिनचा एचपी आणि पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवायला ट्रॅक्टरच्या मागं निघणाऱ्या शाफ्टचा, एचपी एक नाही, ४५ चा ट्रॅक्टर पीटीओला ३८-४० च्या आसपास देतो, आणि रोटर, ब्लोअर, कडबा कुट्टी ही सगळी पीटीओची गिऱ्हाइकं. रोटरचा ढोबळ हिशोब इंजिनच्या एचपीवर असा की ३५-४० एचपीला पाच फुटी, ४५-५० ला सहा फुटी, सात फुटीला ५५ च्या वर, आणि मिनीला तीन ते चार फुटी. काळ्या रानात वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, नीट नसेल तर अर्धा फूट कमीच धरा, ओली काळी माती पात्यांना चिकटून बसली की लोड कुठल्या कुठं जातो. सांगोल्याकडच्या मुरमाड दगडी रानात लोडपेक्षा पाती तुटायची काळजी. रुंदी ठरवताना मागच्या टायरच्या बाहेरून बाहेर मोजा, रोटर त्यापेक्षा अरुंद असेल तर टायरचा माग रानात तसाच दाबलेला राहतो. फणपाळीचं म्हणाल तर ३५-४५ एचपीला नऊ फणी, त्याच्या वर अकरा. दोन फाळी पलटी नांगर उन्हाळ्यात काळ्या रानात घालायचा असेल तर ४५ च्या खालच्या ट्रॅक्टरचा नाद करू नका, चाकं जागेवर फिरतात आणि डिझेल जातं ते वेगळंच.

नांगर आणि फणपाळीला ड्राफ्ट कंट्रोल, रोटरला पोझिशन कंट्रोल, म्हणजे अवजार ठरवलेल्या उंचीवर धरून ठेवणारा. ड्राफ्टची ही कल्पना हॅरी फर्ग्युसनची, मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तोच, आणि तीन पिनांची जोडणी पण त्याच्यामुळंच जगभर गेली. ड्राफ्टमधे रान कडक लागलं की लिफ्ट आपोआप थोडी वर येते. रोटर ड्राफ्टमधे चालवला तर खोली सारखी बदलत राहते, मग लोक रोटरला शिव्या घालतात.

जोडताना सपाट जागा बघा. आधी डावा आर्म, मग उजवा, कारण बहुतेक ट्रॅक्टरला उजवा रॉड फिरवून वरखाली करता येतो, शेवटी टॉप लिंक. रोटरला चेक चेन ताठ, नांगराला खाली असताना थोडी ढिली. जोडणी निसटू नये म्हणून पिनेच्या टोकाला घालायची लिंच पिन ओरिजिनल घाला ओ, खिळा वाकवून घालायची सवय आपल्याकडं लई आहे.

पीटीओ शाफ्टमधे सगळ्यात जास्त पैसे जातात, आणि नव्या अवजाराबरोबर आलेला शाफ्ट बहुतेकदा लांब असतो. अवजार जोडून हळूहळू पूर्ण वर उचला, जिथं ट्रॅक्टर आणि अवजार सगळ्यात जवळ येतात तिथं शाफ्टची दोन टोकं आत भिडता कामा नयेत, दोन-तीन सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, आणि सगळ्यात लांब होतो तिथं निदान एक तृतीयांश तरी एकमेकांत अडकलेला पाहिजे. शाफ्ट लांब असेल तर आतला पाइप, बाहेरचा पाइप आणि दोन्ही कव्हर सारखीच कापायची, कापलेली कड घासून ग्रीस लावायचं. हे न करता उचललं तर शाफ्ट गिअरबॉक्समधे ढुसणी मारतो आणि बेअरिंग जातं. दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत, पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर, कव्हर कायम लावलेलं. फिरत्या शाफ्टजवळ उपरणं, पदर, सैल बाही नको, वाचवायला वेळच मिळत नाही.

ट्रॉली किंवा टँकर फक्त ड्रॉबारच्या हुकाला. टॉप लिंकच्या जागेला साखळी बांधून काही ओढायला गेलात तर ट्रॅक्टर पुढून उठून मागं पालथा होतो.

सरकारी अनुदानाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करणार असाल तर अवजार निवडताना एचपीचा गट विचारतात, २० पर्यंत, २० ते ३५, ३५ च्या वर असा, तो आरसी बुकातल्या ट्रॅक्टरशी जुळला पाहिजे, आणि पूर्वसंमती यायच्या आधी बिल फाडू नका. सोलापूरच्या होम मैदानावरच्या कृषी प्रदर्शनात ठरवणार असाल तर मोबाइलमधे आपल्या ट्रॅक्टरचे आकडे टाकून ठेवा, बॉलच्या भोकाचं माप, आर्मचं अंतर, टायरची बाहेरची रुंदी, लिफ्टची ताकद. खिशात टेप घेऊन जा आणि विक्रेता काहीही बोलू दे, स्टँडवरच्या अवजाराची पिन स्वतः मोजा.